खालचं पातं

चक्की थांबली तेव्हा मी बटाटे सोलत होते.

सकाळपासून ती फिरत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून, सपाट कुरणापलीकडे, तिची चार पाती एकामागून एक खाली येत होती, वर जात होती, आणि दर फेऱ्याला मी एक रामनाम घेत होते. जपाची माळ मृदुलेच्या मनगटाला गुंडाळून पाठवली होती, म्हणून तिच्या जागी ही चक्की. चारच्या सुमाराला पाती मंदावली. एक पातं खाली आलं, जरासं डगमगलं आणि तिथेच राहिलं.

मी सुरी ठेवली, हात पुसले. लगेच बघायचा धीर होईना, म्हणून सोललेल्या बटाट्यांवर झाकण घातलं. मग बघितलं.

खालचं पातं उजवीकडे होतं.

उजवीकडे म्हणजे काय, हे कळायला आधीचं थोडं सांगायला हवं.

हाल्मवेर्ड हे हॉलंडच्या उत्तर टोकाचं, समुद्राच्या बांधाआडचं चिमुकलं गाव. पन्नास-साठ घरं आणि त्याच्या दसपट गाई. माझी मृदुला दुग्धशास्त्र शिकायला त्या देशात गेली आणि तिथल्याच एका शेतकऱ्याच्या मुलाशी, राइंडर्टशी, लग्न करून या गावात राहिली. अठ्ठ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत मी तिच्या बाळंतपणाला गेले. हे जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतकाढ्याच्या पुड्या, रामपंचायतनाची तसबीर आणि बाबांची झांज.

माझे वडील कीर्तनकार. मिरजेच्या आसपास गावोगाव त्यांची कीर्तनं होत आणि लग्न होईपर्यंत त्यांच्या मागे झांजेला मी. समोर बसलेल्यांना बाबांचं तोंड दिसायचं, मला पाठ. आख्यान ऐन रंगात आलं की त्यांचे खांदे हलायचे, आणि ते हसताहेत की रडताहेत हे मला समोरच्या बायकांच्या तोंडावरून ओळखावं लागायचं. पण वेड लागलं ते लागलंच. कुठेही गेले तरी मी आधी कीर्तन कुठे आहे ते शोधते.

हाल्मवेर्डला मला ते माझ्या व्याह्यांकडे सापडलं.

हार्म सत्तरीचे होते. उंच, किंचित वाकलेले, पायात लाकडी बूट. त्यांना त्यांच्या भाषेपलीकडे काही येत नव्हतं आणि मला ती येत नव्हती. तरी रोज सकाळचं दूध काढून झालं की ते मला गाव दाखवायला न्यायचे. रोज तेच गाव, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत. काय म्हणाले ते संध्याकाळी राइंडर्ट इंग्रजीत सांगायचा. गाव एका उंचवट्यावर होतं. समुद्राला बांध नव्हते त्या काळात माणसांनी चिखल आणि शेण थापून थापून तो उंचवटा उभा केलेला. भरती आली की माणसं आणि गुरं त्यावर दाटीवाटीने बसून राहायची. त्याच्या माथ्यावर विटांचं चर्च, थोडा कललेला मनोरा. चर्चच्या भिंतीत माझ्या खांद्याच्या उंचीवर एक रेघ कोरलेली. एका हिवाळ्यातल्या पुरात पाणी इथवर चढलं होतं. हार्म त्या रेघेवरून तळवा फिरवायचे, पुसून निघते का बघावं तसे. मग घंटा. युद्धात सैनिक ती वितळवायला घेऊन गेले होते. लढाई संपल्यावर लांबच्या एका बंदरात धक्क्यावर पडलेली सापडली. तिच्यावर त्यांनी रंगवलेला आकडा गावाने मुद्दाम तसाच ठेवला होता. आणि सगळ्यात शेवटी पवनचक्की.

मी मनात म्हणायची, उंचवटा म्हणजे नमन, चर्च म्हणजे पूर्वरंग, चक्की म्हणजे उत्तररंग. आवाज कुठे चढवायचा, कुठे टोपी काढून गप्प उभं राहायचं, हे त्या माणसाला उपजत कळत होतं. मीही माझ्या परीने परतफेड करायची. संध्याकाळी गोठ्यात त्यांच्या गाईंपुढे द्रौपदीवस्त्रहरण लावायची, पदांसकट. हार्म धारेची नळी हातात धरून मान डोलवायचे. माझ्या गाण्याने गाई जास्त दूध देतात असं त्यांचं ठाम मत होतं. राइंडर्ट म्हणायचा, लवकर सुटका व्हावी म्हणून देतात.

माझं नाव कुमुद. हार्मच्या तोंडी त्याचं 'कूमूत' व्हायचं. मला गोमूत्र आठवायचं, आणि ते बिचारे लाजायचे ते वेगळ्याच कारणाने. त्यांच्या भाषेत 'कू' म्हणजे गाय आणि 'मूत' म्हणजे धीर. विहीणबाईंना 'गाईचा धीर' अशी हाक कशी मारायची, हा त्यांना पडलेला पेच. राइंडर्टने हे फोडून सांगितलं त्या दिवशी मृदुला पोट धरून हसत होती.

"आई, पुरे गं," ती म्हणाली. "आत लाथा बसताहेत."

त्या गावाच्या दोन गोष्टी मी पहिल्या महिन्यातच शिकले होते. एक पडद्यांची. पहिल्याच आठवड्यात दुपारी डोळ्यांवर ऊन येतं म्हणून मी दर्शनी खोलीचे पडदे ओढून आडवी झाले, तर दहा मिनिटांत शेजारच्या यांतिनाबाई धापा टाकत दारात. कोण गेलं, असं विचारत होत्या. तिथे दिवसाढवळ्या पडदे ओढायचे ते घरात मयत झालं तरच. एरवी काचा उघड्या, येणाऱ्या-जाणाऱ्याने आत बघावं. माझ्या झोपेवर सगळी गल्ली आठवडाभर हसली.

दुसरी गोष्ट चक्कीची. ती बोलते. पाती थांबवताना खालचं पातं सरळ उभ्या रेषेच्या थोडं अलीकडे रोखलं, तर ते अजून यायचं आहे, म्हणजे घरात कोणी येतंय: लग्न, बाळ, आनंद. रेषा ओलांडून पलीकडे गेल्यावर रोखलं, तर कोणीतरी गेलं. युद्धात याच पात्यांनी आख्ख्या गावाला झडतीची खबर दिली होती. राइंडर्टने मला स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं करून दोन डाव आडवे-उभे धरून दाखवलं. खालचं डावीकडे, आनंद. उजवीकडे, दुःख. त्या आठवड्यात रस्त्याकडेचा चर उपसताना यंत्राच्या दातात आमच्या बाजूची टेलिफोनची तार येऊन तुटली होती, म्हणून त्याने ठरवलं होतं की दवाखान्यातून तो चक्कीवाल्या एप्पोला फोन करील आणि एप्पो पाती लावील. एप्पोचं घर गावाच्या दुसऱ्या अंगाला, त्याचा फोन चालू होता. तेव्हा हा सगळा खेळच वाटला होता. मृदुलेला अजून तीन आठवडे अवकाश होता.

चक्की थांबली त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता मृदुला न्हाणीघरातून भिंतीला धरून बाहेर आली आणि मला म्हणाली, आई, रक्त जातंय.

पुढचं सगळं घाईत झालं. गावची सुईण आली, रुग्णवाहिका आली. सुईण राइंडर्टशी बोलली आणि त्याचा चेहरा पिठासारखा झाला. मी त्याचं बखोट धरून विचारलं. तो म्हणाला, मूल आडवं आहे, दोघांनाही धोका आहे. रुग्णवाहिकेत एकालाच बसू देत होते. तो बसला. मी माळ तेवढी तिच्या मनगटाला गुंडाळली. दार लागताना तिने मला म्हटलं, "भात जास्त लावून ठेव, येताना भूक लागेल त्याला."

मागे मी आणि हार्म. त्यांना गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केलेली, आणि चाळीस गाईंना कोणाचं काय चाललंय याच्याशी देणंघेणं नव्हतं. दुपारभर ते येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून "मूत, मूत" म्हणायचे आणि परत गोठ्यात जायचे. साडेतीनला ते धारेला गेले. गोठ्यातून चक्की दिसत नाही. तेव्हा चक्कीकडे बघायचं काम माझं.

आणि आता खालचं पातं उजवीकडे.

मी डोळे मिटले, उघडले. कट्ट्यावरचे दोन डाव घेतले, राइंडर्टने धरले होते तसे धरले, आणि खिडकीशी नेऊन ताडून पाहिलं. उजवीकडेच. आज चक्की जरा वेगळी दिसतेय असंही मनात आलं. तिच्या डोक्यावरच्या टोपीखालून मधल्या सज्जापर्यंत एक लांब लाकडी शेपूट उतरलेलं, ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. बाळासाठी धुऊन दोरीवर घातलेले लंगोट एरवी घराच्या उलट दिशेला फडफडायचे ते आज घराकडे फडफडत होते. हे सगळं दिसलं. पण डोळ्यांना जे दिसतं ते सगळं आत पोचतं थोडंच.

आत एवढंच पोचलं की कोणीतरी गेलं. आणि कोण, ते चक्की सांगत नाही. तिला दोनच शब्द येतात.

मी खिडकीशी किती वेळ उभी होते कोण जाणे. तसबीर समोर होती. मी हात जोडले आणि ओठ न हलवता रामरायाजवळ एक मागणं मागितलं.

मग हार्मना सांगायला हवं होतं. गोठ्याच्या दारापर्यंत गेले. आत यंत्राची धडधड, त्यांची पाठ, एका गाईची कास ते कोमट पाण्याने पुसत होते. काय म्हणणार होते मी? त्या भाषेतले माझे शब्द होते दूध, पाव, चक्की, छान. मी परत फिरले. दर्शनी खोलीत गेले आणि पडदे ओढले. एक खिडकी, दुसरी, तिसरी. त्या गावाच्या भाषेतलं एवढं एकच पूर्ण वाक्य मला येत होतं.

यांतिनाबाई आल्या त्या या वेळी धापा टाकत नाहीत, सावकाश. कमरेला काळं एप्रन बांधून आल्या होत्या. त्यांनी काही विचारायच्या आधी मला जवळ घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "मृदुला?"

मला माहीत नव्हतं. मी दोन्ही हात उघडे करून दाखवले, काय सांगू, कोण ते ठाऊक नाही.

त्यांनी माझ्या एका हाताकडे बघितलं, मग दुसऱ्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी भरलं. त्यांना वाटलं, दोघंही.

त्यानंतर त्या बाईंनी शेजाऱ्याचा धर्म असतो तसं सगळं हातात घेतलं. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक बोटाने धरून थांबवला. आरशावर चादर टाकली. दारात उभ्या राहून नवऱ्याला काही सांगितलं, तो टोपी काढून उंचवट्याकडे निघाला. मी खुर्चीत बसून होते. आपल्याकडे असते तशी रडारड नाही, कोणी मोठ्याने बोलत नाही. थांबलेल्या घड्याळाचा आवाज येत नाही हे मला त्या दिवशी ऐकू आलं.

मग घंटा वाजायला लागली.

एक ठोका. बराच वेळ काही नाही. दुसरा ठोका. जिच्यावर तो आकडा अजून होता, हार्म रोज जिच्याखाली टोपी काढायचे, तीच घंटा. चौथ्या ठोक्याला गोठ्यातली धडधड बंद झाली. सहाव्याला हार्म दारात आले. बुटांवर दूध सांडलेलं, हातात फडकं तसंच. त्यांनी ओढलेले पडदे पाहिले, चादर घातलेला आरसा पाहिला, यांतिनाबाईंचं एप्रन पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी त्या माणसाचं तोंड इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. ते जमिनीवरच बसले, दाराला टेकून.

तिथूनच त्यांनी एक शब्द विचारला. कसं कळलं, असंच विचारलं असणार, कारण फोन बंद होता हे त्यांना माहीत होतं.

"मोलन," मी म्हटलं. म्हणजे चक्की.

त्यांनी मान वर केली. उठले. स्वयंपाकघरात जाऊन खिडकीशी उभे राहिले आणि कितीतरी वेळ हलेनात. मग परत आले आणि मला दंडाला धरून उभं केलं. मला वाटलं, आता हे मला बोलणार.

ते माझ्यासमोर, माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. पाय जुळवले आणि एक हात बाजूला, खाली तिरका धरला. माझ्या डावीकडे. "मोलन," म्हणाले. मी मान हलवली. मग हात तसाच ठेवून, जराही न हलवता, ते जागच्या जागी वळले. आता माझ्यासमोर त्यांची पाठ होती. आणि तोच हात माझ्या उजवीकडे.

वारा पश्चिमेचा असतो तिथे, महिनोन्‌महिने. चक्की नेहमी वाऱ्याकडे तोंड करते, आणि आमचं घर त्या बाजूला, म्हणून तिचं तोंड आमच्याकडे. त्या दिवशी सकाळी वारा पूर्वेचा झाला होता. एप्पोने ते लांब शेपूट ढकलून चक्कीचं डोकं फिरवलं होतं. हे सगळं राइंडर्टने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. पण त्या क्षणी मला समजायला ते काही लागलं नाही. माझ्यासमोर एक पाठ होती, आणि तिचे खांदे हलत होते. अशा पाठीमागे उभं राहून मी माझं आख्खं लहानपण काढलं होतं.

मी पुढे गेले, हार्मच्या समोर जाऊन उभी राहिले आणि त्यांचं तोंड बघितलं. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हसत होते.

यांतिनाबाईंना उलगडायला थोडा वेळ लागला, पण मग त्या ज्या पळाल्या ते एप्रन सावरत, नवऱ्याला हाका मारत. घंटा एका ठोक्यावर मध्येच तुटली. तेवढ्यात एप्पो सायकलवरून, आपला एक दुखरा पाय लोंबकळत ठेवून, अंगणात आला तो भांडायलाच. मी आनंद लावला आणि तुम्ही घंटा कोणाची वाजवताय, असं त्याचं म्हणणं. हार्मनी त्याच्या दोन्ही खांद्यांना धरलं. तो दम खाऊन म्हणाला, मुलगी झाली, पोट फाडून काढावी लागली, आई शुद्धीवर आहे. चक्की लावली म्हणजे निरोप पोचला, वर आणखी सांगायला यायचं असतं हे त्याला सुचलं नव्हतं. त्याच्या बापजाद्यांना कधी यावं लागलं नव्हतं.

अर्ध्या तासात घर माणसांनी भरलं. पावाचे लोफ घेऊन, काळे कपडे घालून जी सांत्वनाला निघाली होती, तीच वाटेत बातमी कळून तशीच आत आली. त्यांच्याकडे बाळ झालं की कडक टोस्टवर लोणी लावून साखरेत घोळवलेली गुलाबी-पांढरी बडीशेप पसरून देतात. यांतिनाबाईंनी काळ्या एप्रनमध्येच ती वाटली. बडीशेप खाताना सगळे माझ्याकडे बघून हसत होते, मीही हसले. हार्मनी घड्याळाचा लंबक सोडला आणि मला झांज आणून दिली. मी दोन पदं म्हटली. काय म्हटलं ते आठवत नाही.

सहा वाजता यांतिनाबाईंचा नवरा आम्हाला गाडीने दवाखान्यात घेऊन गेला. बाहेर अजून उजेड होता. मृदुला उशीसारखी पांढरी, मनगटाला माळ तशीच. शेजारी काचेच्या पाळण्यात ती. डोकं काळंभोर, आणि मूठ इतकी घट्ट की काहीतरी लपवून आणल्यासारखी.

"आई, घे ना तिला," मृदुला म्हणाली.

"हात थंड आहेत गं माझे."

"घे गं."

मी घेतली नाही. हार्मनी घेतली आधी. मी पलंगाच्या कडेला धरून उभी राहिले आणि सगळ्यांना वाटलं, म्हातारी दमली.

कारण दोन-अडीच तासांपूर्वी, त्या खिडकीशी, मी तिला देऊन टाकलं होतं. रामराया, जायचंच असेल कोणी तर ते मूल जाऊ दे, माझी मृदुला ठेव. असं मनात स्पष्ट म्हणाले होते. सगुण, समोर बसवून, तसबिरीच्या डोळ्यांत बघून. आणि ती तेव्हा जगात येऊन पंधरा-वीस मिनिटं झालेली होती, रडत असेल, दूध शोधत असेल.

मग मी तिला घेतलं. हात थंड होतेच.

तिचं नाव रेवा. आता छत्तीस वर्षांची आहे. हार्म गेले, एप्पो गेला. गाई दुसऱ्यांच्या झाल्या. चक्की रेवाकडे आली. गावातली काही जणं हौसेने ती चालवायला शिकतात, त्यात ही पहिली. मी पोचते त्या दिवशी ती माझ्यासाठी आनंद लावून ठेवते. पूर्वेचा वारा असला तर आधी निरोप येतो: आजी, आज चक्कीची पाठ दिसेल, पडदे ओढू नकोस. गावाने तिला ती गोष्ट विनोद म्हणून सांगितलेली आहे. तिच्या जन्माला घंटा वाजली, पाहुणे काळे कपडे घालून बडीशेप खायला आले, याचं तिला फार कौतुक. मागणं कोणालाच माहीत नव्हतं.

गेल्या मार्चमध्ये मी गेले तेव्हा वारा पूर्वेचा होता. मी काठी घेऊन निघाले आणि कुरणाच्या कडेने, चर्चच्या उंचवट्याला वळसा घालून, चक्कीच्या पुढच्या बाजूला आले. हल्ली मला तेवढ्याला पाऊण तास लागतो. रेवा सज्जात उभी होती. खाली उतरून आली.

"घरातून दिसत नव्हतं का? एवढं कशाला चालायचं?"

"पुढून बघायचं होतं."

ती माझ्याशी मराठीत बोलते, शब्द चाचपून, पण बोलते. तिने मला बाकावर बसवलं आणि बाजूला बसली. त्या दिवशी तू खिडकीत उभी राहून काय केलंस, असं तिने सहज विचारलं. याआधीही विचारलं होतं, आणि मी दर वेळी पडद्यांपाशी नेऊन गोष्ट संपवायची. या वेळी तिथे थांबले नाही. सांगितलं. कसं मागितलं, कोणत्या शब्दांत, ते सगळं. तिच्याकडे न बघता, पात्यांकडे बघत.

बाजूला ती जराशी सरकली. मला वाटलं, शब्द शोधतेय की उठून जाणार आहे. बघायचा धीर होईना.

मग तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आजी, तुझा देव तेव्हा पाठ करून असणार," ती म्हणाली. "त्याला उलटं ऐकू आलं."

आणि उठून, जिना चढून सज्जावर गेली, ब्रेक सोडायचा दोर ओढला. खालचं पातं रेषा ओलांडून पलीकडे गेलं आणि थांबलं नाही. चक्की फिरायला लागली.